तबकडीत एक बाई आहे

मी तबकडी बोलतेय. दचकू नका, उडती नव्हे. मी गाण्याची तबकडी, जिला लोक रेकॉर्ड म्हणायचे. तशी उडले मीही आहे, पण स्वतःहून नाही, मला गच्चीवरून फेकायचे. फेकलेल्या वस्तूनं फार भाव खाऊ नये हे मला मान्य आहे. तरी माझे फोटो छापून आलेत, एवढं आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. तिथे कोणीही जाऊन आपला आवाज भरून घ्यायचं. भिंतींना जुनी कांबळी ठोकलेली, मधे एक मशीन आणि मशीनमागे एक कंटाळलेला माणूस. पोटात ॲल्युमिनियमचा पत्रा आणि वर काळा जाड थर, एवढीच माझी शरीरयष्टी. कारखान्यातल्या तबकड्या एका गाण्याच्या हजारो निघतात, माझी जगात एकच प्रत. आता हे ऐकून तुम्ही मला मौल्यवान वगैरे समजाल, म्हणून लगेच पुढचं सांगते.

मला भरायला आलं होतं एक नवं जोडपं. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि ती कपडे वाळत घालताना गुणगुणायची. ते ऐकून त्याची खात्रीच पटली होती की असा आवाज दुसऱ्या कोणाचा नाही. तिनं पंधरा दिवस तालीम केली, आदल्या दिवशी गार पाण्याला शिवलीसुद्धा नाही. पहिलं कडवं झकास झालं. दुसऱ्या कडव्याला तिला ठसका लागला. साधासुधा नव्हे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ती हसत सुटली आणि म्हणाली, "अहो, थांबवा ना, चुकलं माझं." मशीनवाला काही थांबवेना. पुढे ती आणखी दोन शब्द बोलली आणि माझी जागा संपली.

अशी मी. अर्धं गाणं, एक ठसका, थोडं हसू. आणि खोडायची सोय नाही.

एक गोष्ट लक्षात असू द्या. आम्ही तबकड्या बाहेरून आत वाजतो. म्हणजे माझं गाणं कडेला आणि ठसका पोटाशी. पुढे जे झालं ते सगळं यावरच झालं.

घरी आल्यावर त्यानं माझ्या मधल्या कागदावर बारीक टाकानं दोन शब्द लिहिले: "हिचा आवाज". बायकोचं नाव घ्यायला लाजणारा माणूस, लिहायलाही लाजला. पाहुणे आले की मला लावायचे. गाणं ठसक्याजवळ आलं की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "उचला." की त्यानं हलकेच सुई उचलायची. पुढचं कधीही वाजवायचं नाही, अशी तिनं त्याला शपथच घातली होती. मला काय, माझं अर्धं अंग कायमचं झाकलेलंच बरं होतं. इतकी वर्षं मी त्या घरात गायिका म्हणून मिरवले ती त्या उचललेल्या सुईच्या जोरावर.

मग ती गेली. त्यानंतर त्यानं मला एकदाही लावलं नाही. मीही हट्ट केला नाही. ओरडणारं कोणी नसताना सुई कोणासाठी उचलायची, हे त्यालाही सुचत नसावं. मी एका खोक्यात, पाकिटाशिवाय, फुटक्या बशांच्या खाली पडून राहिले. घराला रंग काढला तेव्हा त्यांच्या मुलीनं वरचं फुटकं बघून अख्खं खोकं भंगारवाल्याला देऊन टाकलं. तिचा काही दोष नाही. वरून मी बशीसारखीच दिसते.

भंगाराच्या दुकानातून मला उचललं ते सरांनी.

सर म्हणजे निवृत्त शिक्षक आणि अज्ञात उड्डाण संशोधन मंडळाचे संस्थापक अध्यक्ष. मंडळ म्हणजे त्यांची पुढची खोली, तिथला फोन, आणि चार-पाच माणसं जी फुकट राबतात आणि वर चहाला दूधही घेऊन येतात. आकाशात काही विचित्र दिसलं की लोकांनी फोन करायचा, मंडळानं जाऊन चौकशी करायची. बहुतेक वेळा तो पतंग निघे, नाहीतर लग्नाच्या हॉलवरचा फिरता दिवा. पण सर हिरमुसत नसत. त्यांचं म्हणणं असं की खोटे फोटो ओळखायचे तर आधी आपल्याला खोटे फोटो काढता आले पाहिजेत.

त्या खोट्या फोटोंसाठी मी.

त्यांनी माझ्या मधोमध एक स्टीलची वाटी उपडी चिकटवली, घुमट म्हणून. माझं नावगाव वाटीखाली गेलं. मग दर रविवारी सकाळी सर गच्चीवरून मला भिरकावायचे. खाली अंगणात सरांची बायको, म्हणजे काकू, आणि मंडळाचा खजिनदार चादर ताणून उभे राहायचे. खजिनदाराचं औषधांचं दुकान. मंडळाच्या खजिन्यात ती चादर सोडून काही नव्हतं, आणि तीही काकूंचीच. फोटो काढायची ताई. ही दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांना "थोडंसंच दुखेल" सांगणारी मुलगी, संध्याकाळी मंडळाचा फोन सांभाळायची.

"इतकी वर्षं वर बघताय," काकू चादर धरून म्हणायच्या, "एकदा खाली बघा, माझा हात भरून आलाय."

चादर कधी मला मिळायची, कधी फरशी. फरशी मिळाली की माझ्या कडेचा पोपडा निघायचा. आतला पत्रा उघडा पडून उन्हात असा काही चमकायचा की सर खूश. "दिवसेंदिवस खरी दिसायला लागलीय," ते म्हणायचे. अहो, खरी कसली, माझं पहिलं कडवं झडत होतं. पण सुईशिवाय मला वाचा नाही, सांगणार कशी. एका पाक्षिकानं माझा फोटो मंडळाला न विचारता छापला, खाली ओळ: "हे यान कुठले?" खरं सांगते, मला गुदगुल्या झाल्या. गाण्यानं जी चार पाहुण्यांपलीकडे पोचली नाही, ती गाणं झडल्यावर थेट परग्रहावर पोचली.

मंडळ गावातल्या फुकट वाटायच्या पेपरात एक जाहिरात द्यायचं: "तबकडी दिसली? संकोच न करता कळवा. तुम्हाला कोणीही हसणार नाही." खाली फोन नंबर.

एका संध्याकाळी फोन वाजला. मी फोनशेजारीच, ताईच्या जेवणाच्या डब्याला टेकून उभी होते. फोन दोघांनी ऐकायचा हा मंडळाचा नियम, म्हणून ताईनं स्पीकर लावला. सर खुर्ची ओढून बसले.

"ते तबकडीचं तुम्हीच बघता ना?" पलीकडून म्हातारा आवाज आला.

आवाज खरखरीत झाला होता, पण सुई हलकेच उचलणारा माणूस मी ओळखणार नाही होय?

"आम्हीच, आजोबा. निवांत सांगा," ताई म्हणाली. "रंग कसा होता?"

"काळी. काळीच असते ना?"

"आकार?"

"गोल. जेवायच्या ताटाएवढी."

सरांनी मान हलवली. ताटाएवढी म्हणजे लांबून पाहिलेली.

"आवाज होता का काही?"

"आवाजासाठीच तर फोन केलाय. आवाज हिचा आहे."

"हिचा म्हणजे तबकडीचा?"

"नाही हो. आमच्या हिचा. ती आत आहे."

ताईनं पेन खाली ठेवलं. सर खुर्चीतून अर्धे उठले.

"तबकडीत बाई आहे?" ताईनं हळूच विचारलं.

"आता आणखी कुठे असणार? तिला जाऊन सहा वर्षं झाली."

"कुठे गेल्या त्या?"

"वर," आजोबा म्हणाले. "मला वाटलं होतं, तबकडी आहे ना आपल्याजवळ, मग ठीक आहे. धीर नव्हता होत. आता म्हटलं एकदा ऐकू, तर तबकडीच नाही. घरभर शोधली. तुमची जाहिरात वाचली आणि वाटलं, अजून अशा गोष्टी शोधून देणारी माणसं आहेत. मला आता दुसरं काही नको. ती एकदा बोललेली ऐकायचीय."

ताईचे डोळे भरून आले. "आम्ही शोधू, आजोबा," ती म्हणाली. "रविवारी येता का?"

आणि मी तिथे, तिच्या डब्याला टेकून. बाई माझ्या पोटात, नवरा फोनवर, आणि मधे एक स्टीलची वाटी. माझ्या जागी घरातली परात असती तर निदान खाली पडून आवाज तरी केला असता. मला तेही जमलं नाही.

फोन ठेवल्यावर सर येरझारा घालायला लागले. तबकडी, आतून बाईचा आवाज, बाई वर गेलेली, साक्षीदार शांत आणि शुद्धीत. मंडळाच्या आयुष्यात असं प्रकरण आलं नव्हतं. "त्यांना नमुना उडवून दाखवू," ते म्हणाले. "बघून सांगतील, अशीच होती का ते."

म्हणजे मलाच.

रविवारी आजोबा आले. इस्त्रीचा सदरा घालून, हातात माझ्यासाठी नवं पाकीट घेऊन. ते त्यांनी घरीच जाड कागदाचं शिवलं होतं. काकूंनी त्यांना अंगणात खुर्ची दिली. "सापडली का?" त्यांनी विचारलं. "आधी एक बघून घ्या," ताई म्हणाली आणि वर बोट दाखवलं. तोपर्यंत माझ्या कडेला दुसऱ्या कडव्याच्या चार ओळी उरल्या असतील नसतील. गच्चीवर सरांच्या हातात मी विचार करत होते की आज चादर नीट धरा रे बाबांनो, जन्मात एकदा तरी नीट धरा.

सरांनी फेकलं. इतक्या रविवारांत वाळलेला गोंद नेमका तेव्हाच सुटला. वाटी एकीकडे, मी दुसरीकडे.

"दोन झाल्या," खजिनदार ओरडला आणि चादर घेऊन वाटीमागे धावला. काकू चादरीसकट ओढल्या गेल्या. वाटी अलगद चादरीत पडली आणि मी फरशीवर. कडेचा उरलासुरला पोपडा उडाला. मी घरंगळत गेले, आजोबांच्या चपलेला धडकले आणि आडवी झाले. कागद वर.

आजोबांनी वाकून मला उचललं. खिशातला रुमाल काढून पुसलं. ताईनं त्यांच्या खांद्यावरून कागद वाचला आणि तिचा चेहरा पडला.

"आजोबा, हिचा म्हणजे..."

"हिचाच," ते म्हणाले. मग गच्चीकडे बघून विचारलं, "फेकली का तुम्ही?"

सर खाली आले ते शेवटच्या पायरीवरच बसले. "मला माहीत नव्हतं हो," एवढंच म्हणाले. दोनदा म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. फोटोत मीही काही कमी ऐटीत उभी राहिले नव्हते.

काकूंनी चादर टाकली, आत गेल्या, बंद पडलेल्या जुन्या रेकॉर्डप्लेयरवरची कुंडी उचलली आणि पदरानं त्यावरची माती पुसली. आजोबांनी चष्मा सारखा केला, खिशातला बारीक पेचकस काढून प्लेयरची चकती फिरती केली आणि मला ठेवलं. सुई कडेला टेकवली. खरखर. थोडी आत सरकवली. खरखर. उघड्या पत्र्यावर सुई नुसती घसरत होती. "गाणं गेलं," ते म्हणाले. खोलीत कोणी कोणाकडे बघेना. मला आयुष्यात पहिल्यांदा खरंच लाज वाटली.

त्यांनी सुई आणखी आत टेकवली. आणि ठसका लागला.

चांगला मोठा, लांबलचक, डोळ्यांतून पाणी काढणारा. सवयीनं आजोबांचा हात सुईकडे गेला. ती आतून "उचला" म्हणेल म्हणून थांबला. कोणी म्हणालं नाही. मग ती हसली, तिशीच्याही आतलं हसू, ते साऱ्या खोलीत पसरलं. "अहो, थांबवा ना, चुकलं माझं," ती म्हणाली. आणि मग ते दोन शब्द, जे शपथेमुळे त्या घरात कधीच वाजले नव्हते:

"परत म्हणते."

इथे माझी जागा संपते. सुई कट्कट् करत मधेच फिरत राहिली.

ताई भिंतीकडे तोंड करून रडली. सरांनी नाक शिंकरलं. "मंडळाला पहिल्यांदाच तबकडी सापडली," ते म्हणाले, "आतली व्यक्ती बोललीसुद्धा." काकू म्हणाल्या, "आता तरी गप्प बसा." आजोबा हसले. त्या दिवशी त्यांना मंडळात कोणीही हसलं नाही, जाहिरातीत लिहिल्याप्रमाणे.

आता मी त्यांच्या घरी असते, शिवलेल्या पाकिटात. अंगावर काळं कमी आणि पत्राच जास्त, कोणी फोटो काढेल अशी अवस्था नाही. सर अधूनमधून येतात, चहा घेतात, वर आभाळाकडे बघतात आणि मला हात लावायच्या आधी विचारतात. तुम्हालाही कधी आकाशात काही गोल चमकताना दिसलं तर मंडळाला जरूर कळवा. फक्त आधी बघा, खाली चादर नीट धरलीय का.

संध्याकाळी आजोबा दिवा लावतात, खुर्ची ओढतात आणि मला लावतात. गाणं नाहीच. ठसका येतो, हसू येतं, आणि ती म्हणते, "परत म्हणते."

"म्हण की," आजोबा म्हणतात आणि सुई उचलून पुन्हा ठसक्यावर ठेवतात.