अण्णांचे मागचे दिवे

अकरा वर्षांत माझ्या सासऱ्यांनी त्यांची गाडी एकदाही माझ्याकडे आणली नव्हती. मी गाड्यांचं वायरिंग करतो, स्वतःचं गॅरेज आहे, तेही त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तरी अण्णा शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणा 'खऱ्या मेकॅनिक'कडे जायचे. चारचौघांत माझी ओळख 'आमचे वायरवाले जावई' अशी करून द्यायचे, आणि तीही अशा सुरात, की ऐकणाऱ्याला वाटावं मी वायरी चोरतो.

त्यामुळे शनिवारी सकाळी गॅरेजच्या दारात अण्णांची गाडी दिसली तेव्हा मला वाटलं, नक्की कुणीतरी गेलं.

"कुणी गेलेलं नाही," माझा चेहरा बघून अण्णा म्हणाले. "मागचे दिवे बघ. आणि घरी बोलू नकोस."

घरी म्हणजे माझ्या बायकोला. त्यांची एकुलती एक लेक. महिन्याभरात अण्णांच्या गाडीला मागून दोन जण धडकले होते. पहिला म्हणाला, म्हातारा मध्येच थांबला. दुसराही तेच म्हणाला, वर म्हणाला की मागचे दिवे लागलेच नाहीत. अण्णांनी तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. निम्म्या शहराला गाडी शिकवली होती. मला शिकवताना म्हणाले होते, तुझ्यापेक्षा विजेचा खांब बरा वळेल. अशा माणसाला गाडी चालवता येत नाही म्हणायची हिंमत फक्त बायकोत होती. रविवारी येऊन किल्ली काढून घेणार, असं तिने स्वच्छ सांगितलं होतं. अण्णांचं म्हणणं, दोष गाडीचा आहे. ते सिद्ध करायला त्यांच्याकडे एकच दिवस होता, आणि नाइलाजाने मी.

"दाबा ब्रेक," मी मागे उभा राहून म्हणालो. डावा दिवा नाही, उजवा नाही, मागच्या काचेतला वरचाही नाही.

"दिसलं ना?" अण्णा खिडकीतून ओरडले, लॉटरी लागल्यासारखे. "आठवड्यात तीनदा बल्ब बदललेत मी! हल्लीचे बल्ब म्हणजे निव्वळ लबाडी."

"अण्णा, तीन दिवे एकदम जात नाहीत. बल्बांनी काय संप पुकारलाय?"

फ्यूज काढून पाहिला, धडधाकट होता. मग अण्णांना गाडीच्या मागे उभं केलं, दिवे लागले की सांगा म्हणालो, आणि ड्रायव्हरच्या दारातून आत शिरलो. डोकं पेडलपाशी, पाय बाहेर. या अवस्थेत कुठल्याही जावयाचा मान शिल्लक राहत नाही. ब्रेकच्या पेडलच्या वर अंगठ्याएवढा एक स्विच असतो. ब्रेक दाबला की त्याचं बटण मोकळं होतं आणि मागे दिवे लागतात. मी त्याचा प्लग काढला आणि प्लगमधली दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडली.

"लागले!" मागून आरोळी आली. "तिन्ही लागले!"

म्हणजे वायरी ठीक, बल्बही ठीक, मेला होता तो स्विच. तो पाव वळसा फिरवून काढला आणि अण्णांच्या हातावर ठेवला. अण्णा त्याच्याकडे बघतच राहिले.

"हे एवढंसं कार्टं माझी अब्रू घालवत होतं?"

नवा बसवताना पेडल हाताने खाली दाबून धरावं लागतं. स्विच आत सरकवायचा, फिरवायचा, आणि पेडल हळूच वर येऊ द्यायचं. "सावकाश, सावकाश," अण्णा माझ्या पायांपाशी उभे राहून सांगत होते. आयुष्यात त्यांनी हा स्विच पहिल्यांदाच बघितला होता, तरी सूचना चालूच. मग त्यांनी चार वेळा ब्रेक दाबला आणि चारही वेळा दिवे लागले.

"लाव फोन तिला," अण्णा म्हणाले.

"आधी रस्त्यावर बघू. धक्क्याने काही सैल होतंय का ते कळेल. तुम्ही पुढे व्हा, मी माझ्या गाडीने मागे येतो."

रस्ता रुंद होता, जवळपास रिकामा. तिन्ही दिवे झकास लागत होते. गटाराच्या झाकणापाशी लागले. हिरव्या सिग्नलला लागले. पलीकडच्या बाजूला कुणाची स्कूटर नुसती उभी होती, तिला बघून लागले. झाडाची सावली आडवी पडली होती तिथे तर अण्णा जागच्या जागी थांबले, आणि मी कचकन ब्रेक मारून त्यांच्यापासून वीतभर अंतरावर थांबलो. अकरा वर्षं या माणसाला चूक ठरवायची वाट बघत होतो, पण हे असं नको होतं मला.

पुढे जाऊन त्यांनी गाडी कडेला घेतली. मी खिडकीपाशी गेलो.

"लागतात ना?"

"लागतात, अण्णा."

तेवढ्यात बायकोचा फोन आला. अण्णांची गाडी गॅरेजला आल्याची खबर शेजारच्यांनी तिला आधीच दिली होती. "काय निघालं?" तिने विचारलं. "गाडी की अण्णा?" तिच्या आवाजाला स्पीकर लागत नाही, अण्णांना सगळं ऐकू गेलं.

"गाडी," मी म्हणालो. "स्विच गेला होता. बदलला. अण्णा एकदम मस्त चालवतात."

अण्णांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि फोन मागितला.

"खोटं बोलतोय तो," ते लेकीला म्हणाले. "स्विच गेला होता हे खरं. छान बसवलाय त्याने, कारागीर आहे. पण मला सावली आणि खड्डा सारखेच दिसतात, बाळा. वर्ष होऊन गेलं. आज मागे हा होता म्हणून, नाहीतर तिसरा धडकला असता."

अण्णांनी फोन परत दिला, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"आणि माझ्यासाठी खोटं बोलत जाऊ नकोस," ते म्हणाले. "तीस वर्षं पोरं मला सांगायची, सर, घरी खूप सराव केला. पण तुझ्याइतकं वाईट खोटं कुणीच बोललं नाही."