छातीवर काय लिहिलंय?

कैरोत ज्याला नोकरी आवडत नाही तो इंटरनेटवर टी-शर्ट विकतो. शुब्रा भागातल्या नाजीच्या एकट्या गल्लीत असे चार ब्रँड होते आणि चौघांचा दावा एकच, की आम्ही वेगळे आहोत. एकाच्या टी-शर्टवर पिरॅमिड, दुसऱ्याच्या मांजर, तिसऱ्याच्या पिरॅमिडवर बसलेलं मांजर. चौथा होऊन गेला होता, म्हणजे पुन्हा नोकरीला लागला होता.

अशा बाजारात आपलीच वाट पाहणं चाललंय, असं नाजीला मनापासून वाटलं. विमा कंपनीतली नोकरी सोडून त्याने 'जुझूर' काढला. जुझूर म्हणजे मुळं. मुळं खोलवर गेलेली दिसावीत म्हणून त्याने जुन्या मशिदींच्या भिंतींवर असतात तशा कोनाकोनांच्या कुफी अक्षरांत एक वाक्य छापलं. अक्षरं इतकी गुंफली की अरबी शिकवणाऱ्या मास्तरांनीही चष्मा पुसला आणि विषय बदलला.

"काय लिहिलंय ते खाली साध्या अक्षरांत टाक ना," इनास म्हणाली. तिच्याशी त्याला लग्न करायचं होतं, म्हणून तिचं तो ऐकून तरी घेत असे.

"गूढ राहायला हवं, इनास. कला समजावून सांगायची नसते."

"कला नको समजावूस रे, टी-शर्ट समजाव!"

इनासचे वडील हाज शफीक यांचं अताबाच्या बाजारात बनियनांचं दुकान. माल पांढरा, त्यावर काही छापलेलं नाही आणि गिऱ्हाईक तीस वर्षांपासूनचं. हाजनी नाजीचं सगळं भाषण शांतपणे ऐकलं, चहात चौथा चमचा साखर घातली आणि म्हणाले, "हे बघ बाळा, मला एक गिऱ्हाईक दाखव. नातेवाईक नको, शेजारी नको, मित्र नको. परका माणूस, ज्याने पैसे देऊन तुझा माल घेतला आणि ठेवून घेतला. रमजानच्या आधी तो आण, त्याच दिवशी कुराणातला फातिहा वाचून सोयरीक पक्की करू. नाही तर माझ्या पोरीला स्थळांची वाण नाही."

एक गिऱ्हाईक! नाजीला हसू आलं. ते फार दिवस टिकलं नाही.

ऑर्डरी येत होत्या, नाही असं नाही. पण कैरोत पार्सल दारात उघडायचं, घालून बघायचं, जिन्यातल्या चार माणसांचं मत घ्यायचं आणि मगच पैसे द्यायचे, असा रिवाज. पार्सल पोचवणारा शौकी रोज संध्याकाळी नेलेला गठ्ठा तसाच घेऊन परत यायचा.

"आज काय झालं?"

"कालचंच, पाशा. बाईंनी विचारलं, छातीवर काय लिहिलंय? मी म्हटलं, मालक सांगत नाहीत. वरच्या मजल्यावरची म्हातारी म्हणाली, कुराणातली आयत असणार. संपलं! आयत घालून पोरगा संडासात कसा जाणार? मोज्यांबरोबर धुवायची कशी? बाईंनी बिचारीने टी-शर्टाचं चुंबन घेतलं, कपाळाला लावला आणि परत केला."

सगळ्या शहराने त्याच्या मालाला इतका मान दिला, की विकत कोणी घेईना. नाजीने तरीही अर्थ सांगितला नाही. हट्टापायी बाजार बुडवायचा तर तो असा बुडवावा.

आणि रमजान तोंडावर आला असताना हेलवानच्या रगब नावाच्या माणसाने एक टी-शर्ट घेतला. घालून पाहिला नाही, मोठा-लहान विचारलं नाही, पैसे दिले आणि दार लावलं. नाजीने शौकीला मिठी मारली. आठवडा झाला, टी-शर्ट परत आला नाही, तेव्हा रमजान लागायच्या आत तो बसबूसा मिठाईचा डबा आणि आईला घेऊन हाजच्या घरी गेला.

दिवाणखान्यात सगळे बसले. हाज म्हणाले, "गिऱ्हाईक खरं कशावरून? फोन लाव. आवाज सगळ्यांना येऊ दे."

रगब खरा निघाला, चांगला दणदणीत आवाजाचा. "अल्ला तुझ्या हातांना सुखी ठेवो, भाऊ! चौकट करून आईच्या पलंगामागच्या भिंतीवर लावलाय. रोज सकाळी त्याला हात लावते आणि उठते. तिचा गुडघा सुधारला! फक्त एक सांग, आयत कुठली आहे? इथे कोणालाच वाचता येत नाही."

खरं सांगावं तर टी-शर्ट परत, आणि त्याबरोबर इनासही. खोटं सांगावं तर कुराणाच्या नावाने थाप मारायची आणि त्याच तोंडाने फातिहा म्हणायचा. नाजीने इनासकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. त्याला भीती वाटली, साधी, लहानपणीसारखी भीती.

"रगबभाऊ, आयत नाही ती," तो म्हणाला. "त्यावर लिहिलंय, 'उद्या बघू.'"

"काय?"

"उद्या बघू. इतकंच. तुम्ही परत पाठवा, मी पैसे देतो."

पलीकडे बराच वेळ कुजबुज चालली. मग एका म्हातारीचा कडक आवाज फोनवर आला. "खबरदार कोणी भिंतीवरून काढलं तर! गुडघ्याला मी रोज हेच सांगते. आज चाल बाबा, दुखायचं ते उद्या बघू. राहू दे ते!"

रगबने फोन परत घेतला. "म्हणजे घालून संडासात गेलं तर चालेल ना? मग पोरांसाठी तीन पाठव."

हाज शफीक इतके हसले की त्यांना ठसका लागला. डोळे पुसून ते सावरून बसले. "परका आहे, पैसे दिले, ठेवूनही घेतला. झालं," ते म्हणाले आणि त्यांनी फातिहासाठी तळवे वर केले. सगळ्यांनी केले.

पण सुरुवात करण्याआधी हाज थांबले आणि इनासकडे वळले.

"पोरी, लग्नाच्या पत्रिका मात्र दुसऱ्याकडून छापून घे. पाहुण्यांना हॉलचा पत्ता वाचता यायला हवा."