नर फूल, मादी फूल आणि माझे सासरे

सासूबाई गेल्या आणि महिन्याभरानं बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्यांच्या शिवणाच्या डब्यात एक पाकीट सापडलं. आत झुकिनीच्या सात बिया. पाकिटावर सासूबाईंचं कोंबडीच्या पायांचं अक्षर: 'माझ्या आईकडचं वाण आहे. टिकवा. बाजारचं बी आणलंत तर बघा.'

मेल्यावरही दम देणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

बाबांनी सदतीस वर्षं बस चालवली. बागेशी त्यांचा संबंध खुर्ची टाकून पेपर वाचण्यापुरता. तरी त्यांनी सात कुंड्या मांडल्या, बोटाच्या पेराएवढ्या खोल बिया टोचल्या आणि पाणी असं ओतलं की दोन कुजल्याच. तिसरी उंदरानं पळवली. उरलेली चार रोपं त्यांनी वाफ्यात लावली, तीही मधून बस वळवता येईल एवढं अंतर सोडून.

मग फुलं आली. पंधरा दिवस नुसती नर फुलं. बाबा रोज सकाळी वाफ्यापर्यंत जात आणि तोंड पाडून परत येत.

"फळ कुठाय?"

"बाबा, ही सगळी पुरुषमंडळी. यांना नुसतं फुलता येतं."

मी प्रसूतिगृहात नर्स, मला लाज कसली. बाबा मात्र भिंतीकडे बघू लागले. मला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा 'हवा बदललीय जरा' एवढंच बोललेला हा माणूस.

शेवटी एक मादी फूल आलं, देठाशी करंगळीएवढं फळ घेऊनच. पण कुंपणापलीकडे शेजारणीचा भोपळा पसरला होता, आणि मधमाश्या काही घराणं विचारत नाहीत. तिकडचे पराग इकडे आले असते, तर फळ झुकिनीचंच दिसलं असतं, पण पोटातलं बी भलत्याचं. म्हणून मी संध्याकाळीच ते मादी फूल आणि दोन नर फुलं, उमलायच्या आत, दोऱ्यानं बांधून टाकली. सकाळी मीच त्यांचं जुळवून देणार होते. पण सहालाच वॉर्डातून बोलावणं आलं.

आठ वाजता बाबांचा फोन. माझे हात मोकळे नव्हते, म्हणून मदतनीस बाईंनी फोन स्पीकरवर लावून खिडकीत ठेवला.

"नर फूल तोडलंत?"

"तोडलं."

"आता त्याच्या पाकळ्या काढा. सगळ्या."

"सगळ्या?"

"उघडं करायचंय त्याला, बाबा."

पलीकडे बाबा दोनदा खाकरले.

"झालं. पुढं?"

"मादीचा दोरा सोडा. मधल्या भागावर पराग हलक्या हातानं टेकवा. सगळीकडून. मग तिला परत बांधा."

खाटेवरची बाई दोन कळांच्या मध्ये होती. ती म्हणाली, "त्यांना सांगा, घाई करू नका. सगळे घाईच करतात."

बाबांनी फोन ठेवला. तिला दुपारी मुलगी झाली. आमचं फळ आठवड्याभरात वीतभर वाढलं.

बियांसाठी ते दीड-दोन महिने वेलावरच ठेवायला हवं होतं. माझा नवरा इलेक्ट्रिशियन. लोकांच्या घरातला बिघाड त्याला फोनवर कळतो, पण स्वतःच्या घरात काय चाललंय ते कळत नाही. तिसऱ्या आठवड्यात तो भुकेला घरी आला, त्यानं ते कापलं, कांद्यावर परतलं आणि कौतुकानं बाबांच्या ताटात वाढलं.

बाबांनी ताट संपवलं. मग दोन दिवस ते मुलाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुझी आई असती तर तुला विळीवर धरलं असतं."

हंगाम सरत आला तेव्हा चौथ्या वेलावर आणखी एक मादी फूल दिसलं. या वेळी बाबांनी मला विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळी बांधलं, सकाळी उरकलं, आणि देठाला पुठ्ठ्याची पाटी टांगली: 'चालकासाठी राखीव'. माझा नवरा वाफ्याकडे फिरकला नाही.

दोन महिन्यांत ते तान्ह्या बाळाएवढं झालं, पिवळं आणि कडक, नख रुतेना. बाबांनी ते करवतीनं कापलं. बिया धुऊन पेपरवर पसरल्या आणि दोनदा मोजल्या. एकशे त्र्याऐंशी.

"पुढच्या वर्षी पोटभर खाऊ," मी म्हटलं.

"तुम्ही खा. मला ती भाजी नाही आवडत."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. पाणचट लागते."

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"तिला सांगायचं कोणी?" बाबा म्हणाले आणि एकमेकींना चिकटलेल्या दोन बिया नखानं वेगळ्या करू लागले.