सगळ्यात महाग पूल

मागच्या वर्षापर्यंत घरात मला सगळे 'मुकी' म्हणायचे. मग शाळेत वादविवाद स्पर्धेत नाव दिलं. स्टेजवर तोंड एकदा उघडलं ते उघडलंच. आता बाबा मला 'भोंगा' म्हणतात. मला चालतं. भोंगा वाजला आणि कुणाला ऐकूच आला नाही, असं कधी होत नाही.

म्हणूनच जेवताना आईने विचारलं, "उद्या तुला सुट्टी आहे ना? येशील माझ्या ऑफिसात?" तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला.

"हिला? सरकारी ऑफिसात? छत उडेल!"

"मला असंच कुणीतरी हवंय, ज्याला आमच्या कामातलं ओ की ठो कळत नाही," आई म्हणाली. हे कौतुक होतं की काय, ते मला अजून कळलेलं नाही.

आईचं काम सांगते. कुणी घर रंगवायला काढलं की आधी शेजाऱ्यांना विचारतं, तुम्हाला किती लागले हो? सरकारला असे शेजारीच नाहीत. एक ऑफिस पूल बांधतं, दुसरं शाळा, तिसरं दवाखाना, पण कुणाला किती लागले ते बाकीच्यांना माहीतच नसतं. म्हणून आईची टीम एक वेबसाइट बनवत होती. प्रत्येक ऑफिसने आपल्या झालेल्या कामांचा खर्च तिथे भरायचा, म्हणजे पुढच्याला नवं काम काढण्याआधी तसल्याच कामांशी ताडून बघता येईल.

कल्पना झकास. अडचण एवढीच, की टीमने जुन्या फायलींतून नमुन्यादाखल भरलेली कामं सोडली, तर कुणी काही भरतच नव्हतं. आठवणीची पत्रं गेली, फोन झाले. लोक 'हो हो, भरतो' म्हणायचे आणि चिडीचूप. शुक्रवारी मोठ्या मॅडम, म्हणजे आईच्या खात्याच्या प्रमुख, आढावा घेणार होत्या. तोवर निम्म्या ऑफिसांनी तरी माहिती भरली नाही, तर साइट बंद आणि टीमची पांगापांग. आईने दोन वर्षं यात जीव ओतला होता. घरात हा विषय कुणी काढत नव्हतं, पण आई चहात साखर दोनदा घालायला लागली होती आणि आम्ही निमूट पीत होतो.

ऑफिसातल्या चाचणीचा नियम असा: पाहुण्याने साइट वापरायची, टीमने मागे बसून नुसतं बघायचं. मदत करायची नाही, हूं की चूं करायचं नाही. मी चुकतेय आणि आईला बोलायची बंदी, हे जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. मी मुद्दाम दोन चुका जास्त केल्या. तिच्या शेजारी टीमचा प्रोग्रॅमर बसला होता. त्याच्या गळ्यात कायम हेडफोन लटकलेला असतो, म्हणून मी त्याला हेडफोनदादा म्हणते.

माझ्यानंतर पूलवाले काका आले. दुसऱ्या एका ऑफिसातले इंजिनियर, डोक्यावर चकचकीत टक्कल, खिशात पेनांची रांग. त्यांनी आपल्या पुलाचा खर्च एका बोटाने, सावकाश भरला आणि बटण दाबलं. स्क्रीनवर सगळ्या पुलांची यादी आली, महागापासून स्वस्तापर्यंत. सगळ्यात वर, लालभडक रंगात, काकांचा पूल.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पूल होता तिथेच होता.

"पाणी कुठे मिळेल?" एवढं बोलून ते बाहेर गेले.

"काहीतरी लपवतोय म्हातारा," हेडफोनदादा पुटपुटला.

"गप रे," आई म्हणाली. पण तिलाही तसंच वाटत असावं, कारण तिने कपाळाला हात लावला होता.

मला मात्र काकांचा तो चेहरा ओळखीचा होता. आमच्या गणिताच्या बाई मार्कांची यादी फळ्याशेजारी लावतात, पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत. ती लागली रे लागली की माझ्या बाकावरची मैत्रीण अशीच पाणी प्यायला जाते.

मी मागोमाग गेले. काका भरलेला ग्लास धरून नुसतेच उभे होते.

"काका, तुमचा पूल एवढा महाग का हो?"

मुकी असताना हे मला सात जन्मांत जमलं नसतं.

"तू कोण गं?"

"मी टेस्टिंगवाली."

"वा! तर टेस्टिंगवाल्या बाई, किती खर्च झाला ते कळवा, म्हणून मला आजवर ढीगभर मेल आले. का झाला, हे विचारणारी तू पहिलीच."

आणि मग काका जे सुटले! त्या पुलावरूनच हॉस्पिटलला जाता येतं, दुसरी वाटच नाही. जुना पूल पाडला तर अँब्युलन्स जाणार कुठून? म्हणून त्यांनी आधी शेजारी एक तात्पुरता पूल उभा केला, वाहतूक त्यावर वळवली, जुना पाडून नवा बांधला आणि मग तात्पुरता उचलून नेला.

"दोन पूल बांधले मी! एक दिसतो, एक दिसत नाही. आणि एवढ्या दिवसांत एक अँब्युलन्स अडली नाही. एकही नाही!" त्यांनी हात असा उडवला की अर्धं पाणी माझ्या बुटांवर.

ओल्या बुटांनिशी मी त्यांना ओढतच खोलीत नेलं आणि सगळं धडाधडा सांगून टाकलं. वर सल्लाही दिला. "आई, नावंच काढून टाक! कुठला पूल कुणाचा ते कळलंच नाही, तर घाबरेल कोण?"

मला वाटलं, आता टाळ्या पडतील.

"अजिबात नाही," काका फटकन म्हणाले. "नाव का काढायचं? पूल माझा आहे. मला लपायचं नाहीये, मला सांगायचंय."

मी गुपचूप बूट काढून पाणी झटकायला लागले.

आई मात्र उठून पांढऱ्या बोर्डापाशी गेली होती. हातात मार्कर आणि दातांत केसांची बट आली, की समजायचं, तिचं डोकं पळायला लागलंय. "सांगायचंय... आपण आकडा मागतो आणि हकीगत विचारतच नाही."

"हकीगतींची तुलना कशी करणार?" हेडफोनदादा म्हणाला. "जो तो निबंध लिहीत बसेल."

"निबंध कशाला? हो का नाही, एवढंच विचार की!" मी म्हणाले. "वाहतूक चालू ठेवून काम केलं का? हो."

"जमीन दलदलीची होती का?" काकांनी भर घातली.

"जुनं पाडून नवं बांधलं का?" आई भराभर लिहीत होती. कुठले प्रश्न सगळ्यांना लागू पडतील, कुठले नुसतेच फाटे फोडतील, हे ती एकेक करून निवडत, खोडत गेली. जेवणं गार झाली, कुणाला शुद्ध नव्हती.

संध्याकाळी हेडफोनदादाने पहिला नमुना दाखवला. यादी गेली, लाल रंग गेला. आता एक आडवी रेघ होती, डावीकडे स्वस्त, उजवीकडे महाग, आणि प्रत्येक काम म्हणजे तिच्यावरचा एक ठिपका. जुन्या कामांची उत्तरं टीमने फायलींतून भरली होती; नवं काम भरताना आधी प्रश्नांची उत्तरं द्यायची. ज्यांची उत्तरं तुमच्यासारखी, तेवढेच ठिपके उजळणार, बाकीचे फिके पडणार.

काकांनी पुन्हा एका बोटाने सगळं भरलं. फिके ठिपके मागे सरले. वाहतूक न थांबवता झालेली कामं उजळली आणि त्यांच्या घोळक्यात, मध्यापासून जरासा डावीकडे, काकांचा ठिपका.

"अरे, मी तर स्वस्त आहे!" काका एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या खोलीतले लोक डोकावले. तिथल्या तिथे त्यांनी ओळखीतल्या इंजिनियरांना फोन लावायला सुरुवात केली. "अरे, भर ती माहिती! नाही नाही, फासावर देत नाहीत. इथे आधी कारण विचारतात!"

शुक्रवारी शाळेतून थेट, गणवेशात आणि दप्तरासकट, मी मुख्य कार्यालयात आढाव्याला हजर. निम्म्याहून जास्त ऑफिसांची माहिती आली होती. 'काहीही न कळणारी व्यक्ती' म्हणून आईने स्क्रीनसमोर मलाच बसवलं होतं.

मोठ्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि हाताची घडी घातली. "थोडक्यात, सबबी सांगायची सोय केलीत तुम्ही."

माझ्या जिभेवर दहा उत्तरं तयार होती, पण हे बोलणं आईचं होतं. मी ओठ दाबले. चाचणीच्या दिवशी मागे गप्प बसताना तिला कसं झालं असेल, ते मला तेव्हा समजलं.

"सबब एकट्याची असते, मॅडम," आई उठून उभी राहत म्हणाली. "इथे तशाच परिस्थितीत काम केलेले सगळे शेजारी उभे राहतात. कारण खरं असेल, तर तुम्ही त्यांच्यात मिसळून जाता. नसेल, तर उघडे पडता. कुठलंही काम निवडा."

"गाड्या लावायची इमारत," मॅडम म्हणाल्या.

मी ती निवडली, तिच्या नोंदीतली उत्तरं लागू केली. ठिपके उजळले, डावीकडे सगळे दाटीवाटीने. एकच ठिपका पार उजव्या टोकाला, वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखा. मी त्यावर क्लिक केलं आणि, सवयच ती, मोठ्याने वाचलं, "मुख्य कार्यालय. अय्या, म्हणजे हेच ना?"

हेडफोनदादाने डोळे मिटून घेतले.

मॅडम उठून स्क्रीनपाशी आल्या. त्या ठिपक्यावर बोट ठेवून त्यांनी आकडा वाचला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या!

"माझ्याच सहीने मंजूर झाली ही. तेव्हाही मला खर्च जास्त वाटला होता. पण कशाच्या मानाने जास्त, हे दाखवायला माझ्या हातात काही नव्हतं." त्या आईकडे वळल्या. "साइट बंद होणार नाही. सगळ्या ऑफिसांना लागू करा. आणि पहिली चौकशी या इमारतीची. सुरुवात माझ्यापासून."

आई 'थँक्यू मॅडम' म्हणाली, कागद गोळा केले, शांतपणे खोलीबाहेर आली, कोपऱ्यावर वळली आणि मला उचलून गरगर फिरवायला गेली. मी आता तिच्याएवढी आहे, त्यामुळे आम्ही दोघी भिंतीवर आदळलो.

घरी बाबांनी दार उघडलं. आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत त्यांनी घाबरत विचारलं, "काय झालं? छत?"

"उडालं!" आई अशी काही ओरडली, की वरच्या मजल्यावरचे आजोबा काय पडलं ते बघायला खाली आले.

बाबांनी कानांवर हात ठेवले. "झालं! आता घरात दोन भोंगे."