आखूड पायाचा चमत्कार

ताडकळसच्या आठवडी बाजारात भाजीवाल्यांपेक्षा जास्त गर्दी सांधेबाबाच्या मांडवात होती. खुर्चीवर बसवलेल्या माणसाचे दोन्ही पाय बाबा जोडून उचलून धरी आणि कर्ण्यातून सांगे, "बघा मायबाप, डावा पाय दोन बोटं आखूड. नाडीत वारा अडकलाय. गुडगा दुखंल न्हाई तर काय करंल?" मग मंत्र, फुंकर, एक हिसका, आणि टाचा बरोबरीला.

त्या दिवशी खुर्चीवर होते दिनकरराव, शाळेत विज्ञान शिकवणारे. लूना घेतल्यापासून हे पाणी प्यायलासुद्धा तिच्यावरच जातात, असं त्यांच्या घरचे लोक म्हणत. पोट पुढं आलं, मांड्या ढिल्या पडल्या, गुडघे कुरकुरू लागले. 'आपण बाबाचं पितळ उघडं पाडायला चाललोय,' असं निघताना त्यांनी स्वतःला बजावलं होतं. पण आपलाच पाय आखूड झालेला दिसला आणि सगळं विज्ञान फळ्यावरच राहिलं. हिसक्यानंतर ते चार पावलं चालले आणि कर्ण्यात बोलून गेले, "खरंच हलकं वाटतंय."

"खुद्द गुरजी म्हणायलेत, मंग खरंच आसंल," गर्दीतला सिताराम म्हणाला.

घरी पोचेपर्यंत गुडघा होता तसा दुखू लागला. लाजेपायी मास्तर कुणाला बोलले नाहीत.

शेजारच्या चतुराबाईचा खांदा आखडला होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर सत्यशीलाबाईंनी तिला भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायला शिकवलं होतं, थोडा उतारही पडला होता. मास्तरांचे कर्ण्यातले शब्द ऐकून ती बाबाकडं गेली. बाबानं हात छातीशी बांधून टाकला. "हालवला तर वारा पुन्ना शिरंल." पोळ्याला बांधलेला हात दिवाळीला सोडला, तर तो केसांपर्यंतही जाईना.

"तुमच्याकडं बघून गेले मी, गुरजी," ती एवढंच म्हणाली.

मास्तर तिला घेऊन दवाखान्यात गेले आणि सगळं सांगितलं. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी मास्तरांना खुर्चीत बसवलं, पाय जोडून उचलले आणि जरासे एका बाजूला नेले. "डावा आखूड." दुसऱ्या बाजूला नेले. "आता उजवा." मधे आणले, टाचा सारख्या.

"एवढंच?"

"एवढंच. पाय तिरके धरले की एक टाच पुढं दिसते. आणि तुम्ही शिकलेले; लोकांनी टाचांपेक्षा तुमच्या तोंडाकडं जास्त बघितलं, सर."

मास्तर म्हणाले, "हे बाजारात करू. माझ्याच पायांवर."

चतुराबाईचा व्यायाम त्याच दिवशी पुन्हा सुरू झाला. खांदा पुरता सुटायला मात्र पुढचा उन्हाळा उजाडणार होता.

पुढच्या बाजारी मास्तर मांडवासमोर स्वतःची खुर्ची टाकून बसले. डॉक्टरांनी पाय आखूड केले, लांब केले. "मास्तरावर कुणीतरी करणी केली," बाबा कर्ण्यातून सांगू लागला. तेवढ्यात सिताराम पुढं आला. "मला बी करू द्या." त्यानंही मास्तरांचा पाय आखूड करून दाखवला. "आरं, माज्या बी हातात चमत्कार हाय की." लोक हसत सुटले. बाबानं कर्ण्याची वायर गुंडाळायला घेतली.

मास्तर बोलायला खुर्चीवर चढले. चढवायला दोघं लागले.

"माझे पाय सारखेच होते. आखूड पडली ती अक्कल. गुडघ्यात वारा नव्हता, आळस होता. चालण्यानं, कामानं हाडं घट्ट राहतात, हलवले तर सांधे मोकळे राहतात. फार दुखलं तर दवाखान्यात जा. आणि डोळ्यांना दिसलं तरी ते कसं झालं, हे विचारा. मी विचारलं नाही, ते चतुराबाईंना भोगावं लागलं. उद्या मीच काही ठासून सांगितलं, तर मलाही सोडू नका. विचारा, गुरजी, कशावरून?"