पूर्ण लांबीचा प्रयोग

“पहिला प्रवेश करू, शेवटचा नमस्कार करू, फोटो काढू. वीस मिनिटांत मोकळे!” महर्षी म्हणाला आणि त्याने छापील कागद प्रकाशवाल्याच्या पुढ्यात सरकवला. ‘पूर्ण लांबीचा प्रयोग सादर झाला’ असं त्यावर आधीच टाइप केलेलं होतं. सहीची जागा तेवढी मोकळी होती.

महर्षी म्हणजे नाटकाचा निर्माता, दिग्दर्शक आणि सरकारी कला समितीवरच्या एका सदस्याचा मेहुणा. त्याला हे नाव नाट्यगृहातल्या कामगारांनी दाढीवरून ठेवलं होतं. नव्या नाटकाला सरकार अनुदान देई. ठरावीक प्रयोग झाले की ते हातात पडे. प्रेक्षक येवोत न येवोत, प्रयोग झाला पाहिजे. म्हणून मंगळवारी सकाळी अकराला, शहाणी माणसं कामावर असताना, असले प्रयोग सरकारी नाट्यगृहात उरकले जात.

प्रकाशवाला तिथे अठ्ठावीस वर्षं नोकरीला होता. प्रेक्षागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीतून त्याने सगळं पाहिलं होतं. पहिल्या रांगेत घोरणारे परीक्षक, स्वतःच स्वतःसाठी टाळ्या वाजवणाऱ्या संस्था, भाषणात ‘कलेची सेवा’ म्हणताना ओले होणारे डोळे. सेवा कसली? चरायला कुरण मिळालं होतं. तरी प्रयोगाचा साक्षीदार म्हणून प्रत्येक कागदावर त्याने मुकाट सही केली होती. नोकरी होती.

बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. “आमच्याकडे जखम पुसायला कापूस नाही, आणि तुमच्याकडे रिकाम्या खुर्च्यांना एसी!” ती म्हणायची.

“कुलूप लावा म्हणावं,” तो म्हणायचा. उभ्या संसारात या एका विषयावर त्यांचं कधी वाजलं नव्हतं.

त्या दिवशी तो चष्मा घरी विसरला, म्हणून तीच घेऊन आली. तिची ड्यूटी दोनला होती. “पाच मिनिटं टेकते. गार आहे इथं,” म्हणत ती त्याच्या खोलीसमोर शेवटच्या रांगेत बसली. अख्ख्या प्रेक्षागृहात तेवढं एकच माणूस.

नाटक सुरू झालं. रंगमंचावर एक दार, एक खुर्ची आणि एक म्हातारी. बारा वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या मुलाला स्वतः पोलिसांच्या हवाली केलेलं. आज तो सुटून आलाय आणि दार ठोठावतोय. “आई, उघड ना.” म्हातारीचं काम करणारी बाई पन्नाशीची, शाळेत कारकून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली. ती कडीपर्यंत गेली, तिने हात उचलला, आणि विंगेतून महर्षी ओरडला, “बास! लाइन लावा, फोटो!”

फोटो झाले. मुलाचं काम करणारा नट मिशी उपटत दुसऱ्या तालमीला पळाला.

बायकोने काचेवर टकटक केलं. “पुढं काय झालं?”

“पुढं काही नाही. झालं.”

“असं कसं झालं? उघडते की नाही ती?”

त्याने खांदे उडवले. ती उठली आणि चपला वाजवत थेट रंगमंचापाशी गेली. “अहो, बाकीचं नाटक कुठंय?”

“ताई, हा कागदोपत्री प्रयोग आहे,” महर्षी गोड आवाजात म्हणाला. “कलेच्या अडचणी सामान्य माणसाला नाही कळायच्या.”

“कळतात की! रिकामी सिरिंज टोचायची आणि इंजेक्शन दिलं म्हणून लिहायचं. आमच्याकडे असल्यांना घरी बसवतात. मला विचाराल तर एक दमडी देऊ नये तुम्हाला. पण घेताय ना? मग अख्खं दाखवा.”

“एका बाईसाठी?” महर्षी हसला. त्याची माणसंही हसली.

“मी करते,” नटी म्हणाली. ती गालावरचा रंग पुसत होती.

“अहो, मुलगा गेला!”

“तो दाराबाहेरच असतो. दिसतो कुठं?”

“सेट उचलायचाय.”

“उचला. दार आणि खुर्ची राहू द्या.”

महर्षी तणतणत काचेच्या खोलीत आला आणि त्याने उघडं पेन त्याच्या हातात दिलं. “काका, सही.”

“नाटक व्हायचंय अजून.”

“रिटायर व्हायला आठ महिने राहिलेत ना? वर एक शब्द टाकला तर पेन्शनचा कागद अडकेल.”

प्रकाशवाल्याने पेनाला टोपण लावलं आणि ते परत केलं. “तुमचंच आहे, घ्या.”

महर्षी कागद घेऊन नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाकडे गेला. व्यवस्थापकाने न वाचता सही ठोकली. सरकारदरबारी नाटक पूर्ण झालं, तेव्हा रंगमंचावर ते पुन्हा सुरू होत होतं.

एका गालावर सुरकुत्या रंगवलेल्या, दुसरा गाल उघडा. नटी आपलं वाक्य म्हणायची, मुलाच्या वाक्यापुरती थांबायची आणि त्या शांततेला उत्तर द्यायची. लिहिणाऱ्याने जागोजागी सुविचार कोंबले होते. प्रकाशवाला मनातल्या मनात शिव्या घालत होता. मग तिने दाराला गाल टेकवला आणि बराच वेळ बोललीच नाही. त्याने समोरची संहिता चाळली. संहितेत असं काही नव्हतं. त्याने पुन्हा शेवटच्या रांगेत येऊन बसलेल्या बायकोकडे पाहिलं. ती घड्याळाकडे बघत नव्हती.

म्हातारीने दार उघडलं नाही. तिने खुर्ची ओढली, दाराला पाठ लावून बसली, आणि बाहेर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं हळू म्हणाली, “बस. मीही बसलेय.”

“लाइट घालवा! प्रयोग केव्हाच संपलाय!” व्यवस्थापक मागच्या दारातून ओरडला.

कित्येक वर्षं प्रकाशवाला नाटक संपलं की खाडकन मेन स्विच पाडायचा. आज त्याने दिवे मंद करायची दांडी अंगठ्याखाली धरली आणि हळूहळू खाली आणली. आधी खुर्चीचे पाय गेले, मग दार, मग तिचा रंगवलेला गाल, मग उघडा.

“भिकार लिहिलंय,” अंधारातून बायको म्हणाली. पण तिची खुर्ची मिटल्याचा आवाज आला नाही.