रिक्षा आणायला गेलेला लोटू

लोटूने खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि काळ्या मण्यांची, सोन्याच्या वाट्यांची पोत मालतीबाईंपुढे सतरंजीवर ठेवली. लिंबायतच्या मजूरवस्तीत पाळक उखाजींच्या खोलीत उपासनेला जमलेली मंडळी गाणं म्हणता म्हणता थांबली.

मालतीबाईंनी पोतीला हात लावला नाही.

दोन वर्षांपूर्वी, प्लेगच्या साली, त्यांचे यजमान हिलाल तापाने फणफणले होते. लोक शहर सोडून पळत होते, गल्ल्या ओस पडत होत्या. तेव्हा त्यांनी गळ्यातली पोत काढून या धाकट्या दिराच्या हातात दिली. रिक्षा आण, म्हणाल्या, दवाखान्यात पैसे मागतील, ही मोडू. लोटू गेला तो गेलाच. पहाटे हिलालही गेले. पुढे कोणी विचारलं की मालतीबाई एवढंच सांगत, "माझी पोत घेऊन पळाला."

या मंडळीत एक रीत होती. प्रभुभोजनाआधी, म्हणजे पाव आणि रस वाटण्याआधी, पाळक थांबत. ज्याच्या मनात कोणाविषयी अढी असेल त्याने आधी ती सोडवायची, नाहीतर दाराशी बसून पावाची ताटली पुढे सरकवायची. मालतीबाई तेव्हापासून दाराशीच बसत. बेकरीतून पाव त्याच आणत, काळ्या मनुका उकळून रसही त्याच करत, आणि खात दुसरे. पहिले काही महिने लोकांना ते बघवत नसे. नंतर सवय झाली.

"मालतीबाई, तुमची वस्तू जशीच्या तशी आली," उखाजी म्हणाले. "या, पुढे बसा."

उखाजी पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवत, त्यामुळे त्यांची नखं कायम निळी असत. ते नुकतेच स्वर्गातल्या धनावर बोलले होते. पृथ्वीवरचं धन असं लगोलग हजर झालेलं पाहून त्यांना जरा संकोचल्यासारखं झालं होतं, पण आनंद लपत नव्हता.

मालतीबाई उठल्या नाहीत. सोनं गेल्याचं दुःख त्यांना कधीच नव्हतं. पोतीचं नाव घेतलं की पुढचं काही सांगावं लागत नसे, इतकंच. आता ती सोयही गेली आणि राग होता तिथेच राहिला. त्याची त्यांना फार लाज वाटली.

"तू रिक्सा लेवाले गयथा ना?" त्यांनी विचारलं.

"हां, वहिनी."

"मी दारमाच उभी राहिनी. तुना भाऊ पानी मांगे, तरी मी दार सोडं नई. वाटे, तू आत्तेच येशी."

लोटूने रिकामा रुमाल खिशात घातला.

"रिक्सा भेटनी नई. ठेसनवर गऊ, तठे समदा पळी राहींथात. माले भ्याव वाटनं. गाडीमा चढी गऊ. पोत मोडी नई, वहिनी. पन परत येवाले तोंड नव्हतं."



"माफ केलं, एवढं म्हणा बाई," उखाजी हळूच म्हणाले.

शब्द मालतीबाईंच्या ओठांपर्यंत आला. म्हटला असता तर दोन वर्षांनी पाव हातात पडला असता. त्यासाठी त्या तळमळल्या होत्या. पण खोटं बोलून तो घेणं त्यांच्याने होईना.

लोटू उठून चपला शोधू लागला.

"मी निंघस," तो म्हणाला.

"बस."

मालतीबाई भिंतीकडे सरकल्या. दाराशी एका माणसापुरती जागा झाली. लोटू अंग चोरून बसला.

ताटली फिरत आली. मालतीबाईंनी ती लोटूकडे दिली. त्याने मान हलवली आणि पलीकडच्या माणसाच्या हातात दिली. मग रसाचा पेलाही दोघांना ओलांडून गेला. समोर बाकीचे डोळे मिटून खात होते. उखाजींच्या बायकोने, कुसुमने, पायाखाली येईल म्हणून पोत उचलली होती. कोणाला द्यावी हे न कळून ती उभीच होती.

"सकायपाईन काही खादं?" मालतीबाईंनी समोरच बघत विचारलं.

"नई."

"मी बी नई खादं," त्या म्हणाल्या. "उपासना सरनी का घर चाल."